हिब्रूत 50 पैकी 12. चालू ठेवू की सोडून ग्रीक घेऊ?

योनाचा_वेल

सगळ्यांना जय ख्रिस्त.

पुण्यातल्या एका सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, बी.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव राहुरी तालुक्यात. वडील चर्चमध्ये पाळक, त्यामुळे पवित्र शास्त्र अगदी लहानपणापासून कानावर. संडे स्कूलला वचनं पाठ करण्यात माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. त्याच तोऱ्यात इथं आलो आणि हिब्रूनं पाणी पाजलं.

सुरुवात झकास झाली होती. 22 अक्षरं, उजवीकडून डावीकडे. 'त्सादे' नावाचं अक्षर आलं तेव्हा सरांनी सांगितलं, इंग्रजी 'कॅट्स'च्या शेवटी येतो तो आवाज. वर्गातली केरळची, नागालँडची मुलं धडपडत होती आणि मला वाटलं, अरे हा तर आपला चमच्यातला च! 'झायिन' म्हणजे 'जरा'मधला ज. आठवडाभर माझी कॉलर ताठ.

मग क्रियापदं आली. एका धातूचे सात साचे, आणि त्यात कमजोर धातू. ह्यांचं एखादं अक्षर कधी गळून पडेल नेम नाही. शब्दकोश धातूवार लावलेला. म्हणजे शब्द शोधायला धातू आधी ओळखता आला पाहिजे, आणि तो ओळखता आला असता तर मी शब्दकोश कशाला उघडला असता?

सहामाहीत योनाच्या चौथ्या अध्यायातली पाचवी ओवी आली. योना निनवे शहरातून बाहेर पडला, 'वय्येशेव', आणि शहराच्या पूर्वेला... हा 'वय्येशेव' 'याशव' म्हणजे बसणे ह्या धातूचा. मी तो 'शूव' म्हणजे परतणे ह्याचा धरला. दोन्ही रूपांत व्यंजनं हुबेहूब तीच, फरक फक्त खालच्या टिंबांत, म्हणजे स्वरचिन्हांत. मी लिहिलं, 'योना शहराबाहेर पडला आणि परतला.' पेपर मिळाला तेव्हा मार्जिनमध्ये लाल पेनानं एकच ओळ होती: मग वेल कोणाच्या डोक्यावर उगवला? पुढच्याच ओवीत देव शहराबाहेर बसलेल्या योनाच्या डोक्यावर सावलीसाठी वेल उगवतो.

50 पैकी 12.

खरी अडचण अशी, की माझी दहावी मराठी माध्यमातून. पुस्तक इंग्रजी. त्यात 'जुसिव्ह' आणि 'इन्फिनिटिव्ह कन्स्ट्रक्ट' असे शब्द. आधी ते इंग्रजी समजून घ्यायचं, मग हिब्रू, मग परत मराठीत विचार करायचा. परक्याच्या ओसरीवर बसून दुसऱ्या परक्याशी बोलल्यासारखं वाटतं.

आमच्याकडे शास्त्राची एक मूळ भाषा सक्तीची आहे, जुन्या कराराची हिब्रू नाहीतर नव्याची ग्रीक, दोन्ही नाहीत. हिब्रू सोडून ग्रीक घेता येतं, अर्ज 15 तारखेपर्यंत. सुट्टीत गावी गेलो तर मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक वडीलधारे म्हणाले, "बाबा, आम्हाला मराठीतलं कळलं तरी पुष्कळ झालं." त्यांचं चूक म्हणवत नाही. उद्या मी जिथं उभा राहणार तिथं समोर ऊसतोडीवरून आलेली माणसं असणार. त्यांना 'वय्येशेव'चा काय उपयोग?

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. शहाणपण शिकवू नका, काय केलं ते सांगा.

---

गुडघे_टेकून

भावा, पेत्र-योहान कुठल्या सेमिनरीत गेले होते? पवित्र आत्मा शिकवतो. मूळ भाषेचा गर्व चढला की माणूस प्रार्थना विसरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रार्थना कर, मार्ग दिसेल.

---

काट्यांतलं_बी

पेत्र आणि योहान ज्या भाषांत बोलत होते त्या त्यांना आईकडून मिळाल्या होत्या, भाऊ. आपल्याला नाही मिळाल्या. प्रार्थना करावीच, पण धातुरूपं प्रार्थनेनं पाठ होत नाहीत. मी करून पाहिलंय. पहिल्या चाचणीत मला 9 होते.

योनाच्या वेला, तुझं दुखणं हिब्रू नाही, मधला इंग्रजी दलाल आहे. मी आता जालन्याकडे पाळक आहे, सेमिनरी सोडून बारा वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी वैतागून मी एक दोनशेपानी वही केली. डावीकडे हिब्रू, उजवीकडे मराठी, इंग्रजीला प्रवेश बंद. त्या वहीनं मला तारलं. त्यात काय होतं ते सांगतो.

तुमच्या तक्त्यात क्रियापद 'तो'पासून सुरू होतं ना? कातल, कात्ला, कातल्ता. इंग्रजीवाल्यांना हे उलटं वाटतं, त्यांचं 'मी'पासून. शाळेत संस्कृत केलं असशील तर आठव: पठति पठतः पठन्ति. तिथंही 'तो' आधी, आणि त्यालाच प्रथम पुरुष म्हणायचं. आता 'कातल' म्हणजे ठार मारलं. मराठीत काय म्हणतात? कत्तल! हा योगायोग नाही. आपल्याकडे फारसीच्या हातून अरबी शब्द आले, आणि अरबी ही हिब्रूची चुलत बहीण. मग मी मराठीत अरबी शब्द हुडकायला लागलो. 'काताव' लिहिलं, आपली किताब. 'मेलेख' राजा, आपला मुलूख. 'केव्हेर' म्हणजे कबर. 'कूम' उठून उभा राहिला, त्याच धातूचं आपलं कायम. 'खय्यीम' जीवन, आपलं 'ते हयात असताना' मधलं हयात. 'याराश' वतन मिळवलं, आपला वारस. 'खोख्मा' शहाणपण, आपली हिकमत. मात्र हिकमतीला आपल्याकडे जरा लबाडीचा वास आहे, तो तिकडे नाही, तेवढं सांभाळ.

'खाशव' म्हणजे हिशेब करणे. उत्पत्तीच्या पंधराव्यात अब्राहामानं विश्वास ठेवला आणि परमेश्वरानं तो त्याचं नीतिमत्त्व असा 'गणला', तिथं हेच क्रियापद आहे. हे हिशेबाच्या वहीतलं आहे हे कळलं त्या रविवारी मी किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीवरून संदेश दिला. दुकानदार पहिल्या बाकावर होता.

आणि 'एमुना'. हबक्कूकच्या दुसऱ्यात नीतिमान कशानं जगेल, तर त्याच्या एमुनेनं. आपण 'विश्वास' वाचतो आणि मनात काहीतरी मानणे असा अर्थ घेतो. त्याच मुळातून मराठीत काय आलंय? इमान. इमानी कुत्रा, इमानी गडी. शब्द न मोडणारा. माझ्या मंडळीतल्या शेतकऱ्याला 'विश्वास' समजावून सांगायला अर्धा तास लागतो, 'इमान' त्याला आधीच कळलेलं असतं.

व्याकरणात पण असंच. हिब्रूत इंग्रजीसारखं 'हॅव' नाही. 'येश ली' म्हणजे शब्दशः 'आहे मला'. मला दोन मुलं आहेत. इंग्रजी पुस्तक ह्यावर पानभर समजावतं, आपल्याला त्यात समजावण्यासारखं काही सापडत नाही. बाकी 'मी' म्हणजे 'कोण' आणि 'ही' म्हणजे 'ती', हे तर कळलंच असेल. मी म्हणजे कोण, हा प्रश्न सेमिनरीत सगळ्यांनाच पडतो.

एकच जागा नीट बघ. 69 वं स्तोत्र. छापील हिब्रूत ओव्यांचा आकडा एकानं पुढे असतो, कारण वरचं शीर्षक तिथं पहिली ओवी धरतात. म्हणून आपली पहिली ती तिकडची दुसरी. 'बाऊ मायिम अद नाफेश.' पाणी 'नेफेश'पर्यंत आलं. नेफेश शब्दाला पुस्तकं 'आत्मा' म्हणतात, पण मुळात तो घसा, श्वास जातो ती जागा, आणि त्यावरून जीव. मला ह्यासाठी टीकाग्रंथ उघडावा लागला नाही. पाणी गळ्याशी आलं, हे आपण रोज म्हणतो. कर्जबाजारी माणूस म्हणतो.

आता एक उलटी गोष्ट, माझी फजिती. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी योहान 21 वर तासभर बोललो. तिथं प्रभू पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? मी सांगितलं, ग्रीकमध्ये 'आगापे' म्हणजे दैवी प्रीती, 'फिलिया' म्हणजे नुसती मैत्री, प्रभू वरची मागतो, पेत्र खालची देतो. लोक भारावले. दोन वर्षांनी सेप्टुआजिंट, म्हणजे जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर, वाचताना 2 शमुवेल 13 पाशी आलो. अम्नोनाला आपल्या बहिणीची, तामारेची अभिलाषा झाली आणि त्यानं तिची अब्रू घेतली, तो अध्याय. तिथं क्रियापद कोणतं? तेच, 'आगापाओ'. योहानाच्याच शुभवर्तमानात पिता पुत्रावर प्रीती करतो असं दोनदा आहे, तिसऱ्या अध्यायात 'आगापाओ', पाचव्यात 'फिलेओ'. ज्या मंडळीत तो संदेश दिला तिथं मी परत गेलो नाही, सरळच सांगतो.

म्हणून गावातल्या त्या वडीलधाऱ्यांचं ऐक, अर्धं. व्यासपीठावर 'मूळ हिब्रूत असं आहे' हे शब्द तोंडातून काढू नकोस. भाकरी वाढताना चुलीची बढाई नको. पण शिक.

---

रीचार्ज_संपला

एवढं कशाला? इंटरलिनियर ॲप घ्या. प्रत्येक शब्दाखाली अर्थ, बोट ठेवलं की धातू, रूप, सगळं. फुकट आहे. 2 मिनिटांचं काम.

---

सांगलीची_संस्कृतवाली

मी ख्रिस्ती नाही, आणि सेमिनरीत कधी पाऊल ठेवलेलं नाही. शाळेत संस्कृत शिकवते, ग्रीक हौसेखातर घरी शिकले. हिब्रूबद्दल माझं मत धरू नका. पण पर्याय ग्रीकचा असेल आणि दहावीला संस्कृत घेतलं असेल, तर निम्मी लढाई तुम्ही आधीच जिंकलीय, एवढं सांगायला आले.

भरामि, तिकडे 'फेरो'. ददामि, तिकडे 'दिदोमी'. दधामि, 'तिथेमी'. भूतकाळाला आपण आधी अ लावतो, अभरम्. ते ए लावतात, 'एफेरोन'. दिदोमीत धातूचं पहिलं अक्षर दुप्पट का होतं ह्यावर इंग्रजी पुस्तक घाम गाळतं. ददामि म्हणणाऱ्याला घाम कशाला?

सगळ्यात मोठा फायदा 'मिडल व्हॉइस'चा. इंग्रजीत हा प्रकार नसल्यामुळे त्यांची पुस्तकं चाचपडत राहतात: कर्ता स्वतःवर क्रिया करतो, नाही, स्वतःसाठी करतो, कधी कधी दोन्ही नाही. अहो, हे आत्मनेपद! पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा यजति, यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा यजते. ग्रीकमध्ये 'लूएई' आणि 'लूएताई'. आपलं 'ते', त्यांचं 'ताई'. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये द्विवचन गेलेलं आहे आणि विभक्त्या संबोधन धरून पाच. आठ विभक्त्या गुणिले तीन वचनं घोकलेल्या मुलाला ही सवलतच आहे.

माझं मत ग्रीक. काट्यांतलं बी रागावतील.

---

काट्यांतलं_बी

रागावत नाही, ताई. आत्मनेपदाचं मला कोणी त्या वेळी सांगितलं असतं तर माझं एक सत्र वाचलं असतं.

ॲपवाल्या दादांना: 'वय्येशेव'खाली ॲप 'बसला' असं देईल, बरोबर देईल. पण हा पोरगा चुकला म्हणून त्याला कळलं की बसणे आणि परतणे ह्यांच्यात चार टिंबांचं अंतर आहे. आता तो शब्द तो मरेपर्यंत विसरत नाही.

---

खाडाखोड

उशिरा आले. पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामावर आहे, सहा वर्षं झाली. वरच्या दोघांनी मूळ भाषा शिकायला मराठीचा उपयोग सांगितला. मी दुसऱ्या टोकाकडून सांगते. मूळ शिकल्यावर मराठी पहिल्यांदा नीट दिसते.

मार्क 4, ओवी 38. वादळ, होडीत पाणी, प्रभू उशीवर डोकं ठेवून झोपलेला. शिष्य त्याला उठवून म्हणतात, 'आपोल्लूमेथा'. मरतोय, बुडतोय, अनेकवचनी प्रथमपुरुषी. ग्रीकचं काम संपलं. आमचं सुरू होतं, कारण मराठीत विचारावं लागतं: आम्ही बुडतोय, की आपण बुडतोय? 'आपण' म्हटलं तर तोही बुडणाऱ्यांत आला. 'आम्ही' म्हटलं तर तो वेगळा, आणि वाक्याला चिडल्याचा सूर लागतो. आम्ही इथं मरतोय आणि तुम्ही खुशाल झोपा काढताय! टेबलावर चौघं होतो, दोन दिवस गेले. शिष्यांना तो कोण आहे असं वाटत होतं, ह्याचं उत्तर दिल्याशिवाय सर्वनाम ठरत नाही. इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, 'वी' लिहिलं की सुटला.

तसंच शोमरोनी बाईचं. विहिरीवर अनोळखी यहुदी पुरुष पाणी मागतोय. ती पहिल्यांदा 'तू' म्हणेल की 'तुम्ही'? ग्रीकमध्ये सगळ्यांना एकच. मराठीत त्याच अध्यायात कुठंतरी तिचा 'तू' बदलावा लागतो का, आणि कुठल्या ओवीला, ह्यावर माणसं हमरीतुमरीवर येतात.

पोथ्यांच्या नकलांत हात चुकतात हेही त्यात आलं. हिब्रूतले दालेत आणि रेश, म्हणजे द आणि र, इतके सारखे की उत्पत्ती 10:4 मध्ये 'दोदानीम' आहेत तेच लोक 1 इतिहास 1:7 मध्ये 'रोदानीम' झालेत. आपल्याकडे आनंदीबाईंनी ध चा मा मुद्दाम केला म्हणतात, इथं द चा र डोळ्यांनी केला.

केडगावला मुक्ती मिशनला, रमाबाईंच्या संस्थेला, जाऊन ये, दौंडच्या अलीकडेच आहे. पंडिता रमाबाईंना 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' पदवी दिली ती संस्कृतसाठी. ह्या बाई पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, का, तर मूळावरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्र आणायचं म्हणून. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्यात घातली. छपाईचं कामही तिथल्याच बायकांनी केलं. 5 एप्रिल 1922 ला गेल्या. संस्कृत एवढं हाताशी असताना त्यांनी जडजंबाल शब्द टाळले, हे मला हिब्रूपेक्षा अवघड वाटतं.

हिब्रू की ग्रीक ह्यात मी पडत नाही. पण जुन्या करारातलं रूथचं पुस्तक वाच. चार अध्याय, 85 ओव्या, क्रियापदं नेहमीची. योनानंतर तेच.

---

योनाचा_वेल

सगळ्यांचे आभार. गुडघे टेकून दादा, प्रार्थनाही केली.

संस्कृत मी घेतलं नव्हतं ताई, आमच्या शाळेत शिक्षकच नव्हते. त्यामुळे ग्रीकची निम्मी लढाई माझ्या वाट्याला नाही. 15 तारीख गेली, अर्ज दिला नाही. वही केली आहे, दोनशेपानी, इंग्रजीला बंदी. परवाच्या चाचणीत 50 पैकी 21. सरांनी ह्या वेळी मार्जिनमध्ये काही लिहिलं नाही.

रूथ काढलं. पहिल्याच ओवीत अडकलो. यहुदातल्या बेथलेहेमात दुष्काळ पडतो. 'बेत लेखेम', भाकरीचं घर, आणि तिथंच भाकर नाही, हे मला मराठीत वाचताना एकदाही दिसलं नव्हतं. मग एक माणूस बायको आणि दोन मुलं घेऊन मवाब देशात जातो, 'लागूर'. त्या 'लागूर'ला मराठी मिळेना. शब्दकोशात इंग्रजी 'सोजर्न'. त्याला मराठी शोधलं तर तात्पुरता निवास करणे. 'उपरा म्हणून राहणे' पण लिहून पाहिलं. सगळं तहसील कचेरीतल्या दाखल्यासारखं.

गावी गेलो तेव्हा वही बरोबर होती. आत्या आलेली होती, सुपात तूर घेऊन निवडत बसली होती. 72 च्या दुष्काळात ती आठ-नऊ वर्षांची होती. तिनं आई-बापाबरोबर खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्यात. तिला म्हटलं, आत्या, दुष्काळ पडलाय, माणूस बायकापोरं घेऊन दुसऱ्या मुलखात गेलाय, कायमचा नाही, पाऊस पडला की परत यायचंय. ह्याला काय म्हणायचं?

सुपातून मान वर न करता म्हणाली, "जगायला गेला म्हण की."

वहीत लिहिलं. लागूर: जगायला.

मग तीच विचारायला लागली, कोण, कुठला. सांगत गेलो. अलीमलेख, म्हणजे तो माणूस, तिकडंच मेला, दोन्ही पोरं मेली, बायको नामी आणि सुना राहिल्या. आत्यानं हे शंभर वेळा ऐकलेलं आहे, आमचे वडीलच तिचे पाळक. तरी विचारलं, "मग आली का ती परत?"

त्या अध्यायाच्या शेवटच्या ओवीत तेच क्रियापद आहे, शूव, ज्यानं माझे मार्क खाल्ले. वहीत बोट ठेवून वाचून दाखवलं, 'वत्ताशोव नामी'. परतली.

"कधी?"

पुढचे शब्द अजून लावायचे होते. जव, कापणी, आणि आरंभ असा काहीतरी शब्द. "जवाच्या कापणीच्या आरंभी," मी म्हटलं.

"सुगीच्या तोंडाशी," आत्या म्हणाली, आणि सूप पाखडायला अंगणात गेली.